किथ अँड किन : किन कळले, हा किथ कोण?

जास्वंद

पुतण्याचं लग्न ठरलंय. पत्रिकेची एक बाजू मराठी, एक इंग्रजी. मराठी बाजू सासऱ्यांनी स्वतः लिहिली, इंग्रजी माझ्या गळ्यात पडली. त्यांच्या मजकुराच्या शेवटी 'आप्तेष्टांसह अगत्य येण्याचे करावे' आहे. त्याच्यासमोर मी बिनधास्त ठोकून दिलं, 'विथ ऑल युवर किथ अँड किन'.

सासरे निवृत्त तलाठी. वारसनोंदी करण्यात हयात गेली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "किन समजलं. नेक्स्ट ऑफ किन म्हणतात ते. हा किथ कोण?"

मी म्हटलं, तेही नातेवाईकच.

"मग दोनदा कशाला लिहिलंस?"

शाळेपासून निबंधात वापरत आलेय हा शब्द, पण एकदाही अडखळले नव्हते. मग रात्री बसून शोधलं. तर किथ म्हणजे नातेवाईक नव्हेतच! जुन्या इंग्रजीत 'क्युथ्थ' असा काहीसा शब्द होता. त्याचा अर्थ ओळख, माहिती आणि त्यावरून ओळखीचा मुलूख, म्हणजे आपला देश, आपलं गाव. पुढे त्या मुलखातली माणसं, म्हणजे शेजारीपाजारी, स्नेही, ओळखीपाळखीचे. रक्ताचे ते किन, आणि ओळखीचे ते किथ. १४व्या शतकात विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात ही जोडी आलीय, 'किथपासून नि किनपासून दूर' अशी. तिथे अर्थ सरळ आहे : मुलखापासून आणि माणसांपासून दूर.

आज किथ एकटा कुठेच भेटत नाही. 'माझे किथ आलेत' असं कोणी म्हणत नाही. किनचं बोट धरूनच तो अजून चालतोय, आणि त्या संगतीत लोकांनी त्यालाही नातेवाईक करून टाकलंय.

आता दोन प्रश्न. एक, याच्या जोडीला मराठीत नेमकं काय? दोन, आपल्याकडेही असे शब्द आहेत का, जे जोडीतच जगतात आणि ज्यांचा अर्थ आपण विसरलोय?

तिखटमीठ

पहिला नंबर!
मला सातवीपर्यंत वाटायचं की कीथ आणि किन हे दोन भाऊ. कीथ म्हणजे कीथ मिलर, वडिलांच्या तोंडी सतत असलेला तो ऑस्ट्रेलियन क्रिकेटवाला. किन हा त्याचा कमी खेळणारा धाकटा भाऊ असणार असं गृहीत धरलं होतं.

वाड्यातला पिंपळ

आमच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर आलं होतं की किथ हा किचनवरून आलाय. एका चुलीवर जेवणारे ते किथ. पटण्यासारखं आहे. आपल्याकडेही भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली' म्हणतात.

पाणिनीचा पाहुणा

पिंपळराव, चूल छान पेटवलीत, पण किचन लॅटिनमधून आला, 'शिजवणे' या अर्थाच्या धातूवरून. कुक हाही त्याच घरातला. किथ अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला आहे. दोघांची सोयरिक जुळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. जास्वंदताई, तुम्ही अर्थापाशी थांबलात, मुळापर्यंत गेला असतात तर सासऱ्यांनी पाठ थोपटली असती.

किथ ज्या जुन्या धातूवरून आला त्याचा अर्थ 'जाणणे'. इंग्रजीतले नो (माहीत असणे), कॅन, कनिंग हे सगळे त्याच धातूचे. ग्रीक ग्नोसिस, लॅटिन ग्नोस्केरे तेच. आणि संस्कृतात तो धातू आहे 'ज्ञा'. ज्ञान, विज्ञान, प्रज्ञा, मराठीत जाणणे, जाणता, जाणीव.

किनच्या धातूचा अर्थ 'जन्म देणे'. लॅटिन गेनुस, ग्रीक गेनोस, आणि संस्कृतात 'जन्'. जन, जन्म, जनक, प्रजा, जाती.

म्हणजे किथ अँड किन हे उच्चाराच्या मुळाशी गेलं तर 'ज्ञा आणि जन्' आहे. ज्यांना जाणतो ते, आणि ज्यांच्यात जन्मलो ते.

ज आणि क कसे एक, असं कोणी विचारायच्या आत : या सगळ्या भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या तिच्यातला एक ग-सारखा वर्ण संस्कृतात ज झाला, लॅटिन-ग्रीकमध्ये ग राहिला आणि जर्मानिक भाषांत क झाला. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जर्मानिकमधले असे बदल नियमात बसवून दाखवले. परीकथा जमवणाऱ्या दोन ग्रिम भावांतला तोच हा. गुडघा घ्या : संस्कृत जानु, लॅटिन गेनु, इंग्रजी नी. त्या नी आणि नो या शब्दांच्या सुरुवातीला लिहितात पण बोलत नाहीत तो क पूर्वी चक्क बोलला जायचा. १७व्या शतकाच्या आसपास तो जिभेवरून गळला, कागदावर राहिला.

जास्वंद

अंगावर काटा आला. सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग इंग्रजी तरी कशाला छापायचं?"

साबरमतीकाठचा मराठी

पाहुणे, इथे अहमदाबादेत ज्ञानला ग्नान म्हणतात. आपण द्न्यान म्हणतो, हिंदीवाले ग्यान. म्हणजे ग्रीक ग्नोसिसच्या सगळ्यात जवळ गुजरातीच राहिली की!

पाणिनीचा पाहुणा

मोह मलाही झाला होता. पण तो योगायोग. संस्कृतात तिथे ज + ञ आहे, ग नव्हेच. 'ज्ञ' या जोडाक्षराचा मूळ उच्चार सर्वत्र अवघड वाटला आणि जो तो आपल्या सोयीने म्हणू लागला. गुजराती फिरून ग वर पोचली, पण ती वेगळ्या वाटेने.

साबरमतीकाठचा मराठी

बरं. पण इथला दुसरा एक शब्द सांगतो. गुजरातीत जातीला 'नात' म्हणतात, 'नातनं जमण' म्हणजे जातीचं जेवण. हा शब्द संस्कृत 'ज्ञाति'वरून आला. आता हा ज्ञाति 'ज्ञा'मधला की 'जन्'मधला? लिहिताना ज्ञा दिसतो, अर्थ मात्र भाऊबंदांचा.

पाणिनीचा पाहुणा

वा! दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मोनियर-विल्यम्सच्या कोशात ज्ञातिचा अर्थ देताना आधी 'निकट परिचित' आणि मग नातलग असं दिलंय, म्हणजे त्यांचा ओढा ज्ञाकडे. दुसरा पक्ष म्हणतो की हा जन्चाच आकसलेला अवतार आहे, कारण जन् आकसला तरी ज्ञ-सारखंच रूप मिळतं. मी दुसऱ्या पक्षात.

आणि हा घोटाळा फक्त आपल्याकडे नाही. होमरच्या ग्रीकमध्ये 'ग्नोतोस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : 'ओळखीचा' आणि 'नातलग'. म्हणजे किथ आणि किन तिथे एकाच खुर्चीत बसलेत.

अवांतर : मराठीतही ज्ञाती आहेच की. 'ज्ञातिबांधव', 'ज्ञातिगृह'. मुंबईतल्या जुन्या ज्ञातिसंस्थांच्या पाट्या आठवा.

खोली नं. १४

विद्वानांच्या गप्पांत बोलायला संकोच वाटतोय, पण 'ओळखीचा मुलूख आणि त्यातली माणसं' हे वाचून मला एकच शब्द आठवला : गाववाले.

आमचे बाबा गिरणीत होते. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळाची परळला एक खोली होती. पाळीप्रमाणे माणसं झोपायची, पहिल्या पाळीचे उठले की त्याच जागेवर रात्रपाळीवाले आडवे. प्रत्येकाची पेटी भिंतीला, वळकटी फळीवर. त्यात नात्याचे दोघं-तिघं, बाकी सगळे 'गाववाले'. कोणी आजारी पडला तर केईएमला नेणारे तेच, कोणी गेला तर गावी तार करणारे तेच, आणि गणपतीला एसटीची तिकिटं काढणारेही तेच. बाबा चुलतभावाचं नाव क्वचित घ्यायचे, पण 'आमचो गाववालो' म्हटलं की आवाज बदलायचा.

तर माझ्या मते किथ म्हणजे गाववाले. हे कुठल्या कोशात नसेल.

जास्वंद

खोली नं. १४, संकोच कसला! शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ इथे तुम्हीच सांगितलात. मी 'मुलूख' हा अर्थ वाचून पुढे गेले होते, डोळ्यांसमोर काही आलं नव्हतं.

तिखटमीठ

+१. मजा करायला आलो होतो, गप्प झालो.

लेस्टरची सून

इकडे इंग्लंडमध्ये ऑफिसात पाच जणांना विचारलं. चौघं म्हणाले, किथ अँड किन म्हणजे फॅमिली. पाचवीने विचारलं, "परीक्षा आहे का?" तेव्हा जास्वंदताई, तुमच्या घरचे तलाठी इथल्या जनतेपेक्षा पुढे आहेत.

आणखी एक गोष्ट, जरा कडू. ११ नोव्हेंबर १९६५ ला ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेतल्या, इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनला न विचारता एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. बहुसंख्य आफ्रिकी जनतेच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून. तेव्हा इथे ज्यांना लष्करी कारवाई नको होती त्यांच्या तोंडी हाच वाक्प्रचार होता : आपले सैनिक आपल्याच 'किथ अँड किन'वर गोळ्या कशा झाडतील? इथल्या जुन्या पिढीच्या कानांत त्यामुळे या शब्दांना अजून तो वास आहे. ज्या शब्दात 'ओळखीचा शेजारी' होता, तो कातडीच्या रंगाचा शब्द झाला.

लग्नपत्रिकेत चालेल, घाबरू नका. पण मला कोणी वापरला की थोडं दचकायला होतं.

बांधावरून

शब्दाचं राजकारण आपल्याकडे झालं नाही का? 'सगेसोयरे'! तुमची नेमकी जोडी तीच तर आहे. सगे ते रक्ताचे, सोयरे ते सोयरिकीतून आलेले.
जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे पाटलांचा मोर्चा वाशीपर्यंत आला, तेव्हा २६ जानेवारीला सरकारने मसुदा अधिसूचना काढली, त्यात या शब्दाची व्याख्या करावी लागली. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक झाले ते, अशी. चावडीवर, लग्नात शेकडो वर्षं ढिलाईने वापरलेला शब्द एकदम जातप्रमाणपत्राच्या नियमांत येऊन बसला. त्यावर किती हरकती आल्या आठवतंय ना? इंग्रजी पेपरांनी तर भाषांतराचा नाद सोडून 'सगे-सोयरे' तसाच छापला.

जास्वंद

बांधावरून, मुद्दा शब्दापुरता आहे म्हणून राहू दे. आरक्षण हवं की नको यावर इथे कोणी सुरू करू नका, हात जोडते. धागा लग्नाचा आहे.

पाणिनीचा पाहुणा

शब्दापुरतंच बोलतो. सगेसोयरे हा किथ अँड किनचा प्रतिशब्द म्हणून अर्धाच बसतो. सोयरे हे शेवटी नातेवाईकच, लग्नाने झालेले. किथला लग्न लागत नाही. हां, तुकोबांनी मात्र सोयरे शब्दाची व्याख्या कोणत्याही अधिसूचनेपेक्षा मोठी केली. वृक्षवेली आणि वनचरे त्यात घेतली, आता तिथे कोणता वंशावळीचा पुरावा मागणार?

आणि बघा, व्याख्या करताना 'जात' लागलीच. जात म्हणजे जन्. किनचाच सख्खा भाऊ.

मोडी लिपी शिकतेय

मला 'गणगोत' सुचवायचंय. आणि त्यातल्या गोतबद्दल थोडं.

गोत हा गोत्राचा तद्भव. गोत्र ऋग्वेदात गाईंचा गोठा होता. इंद्राला 'गोत्रभिद्' म्हणतात तो गोठे फोडणारा म्हणून, घराणी फोडणारा म्हणून नव्हे. एका गोठ्याचे ते पुढे एका कुळाचे झाले असं मानतात.

पण मराठी कागदांतला गोत आणखी वेगळा आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा निघाला की 'गोतसभा' बसायची. त्या गोतात कोण? पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावचे मोकदम आणि बारा बलुतेदार. म्हणजे अठरापगड जातींची माणसं. निवाड्याच्या महजरावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराची. यांच्यात रक्ताचं नातं कुठून असणार? पण वाद कोणाचा, बांध कुठला, आजा कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक. जाणणारे ते गोत. पाहुणे, हा तुमचा ज्ञा आहे बघा.

आज गोतावळा म्हटलं की फक्त नातेवाईक डोळ्यांपुढे येतात. म्हणजे किथचं जे झालं तेच गोतचं झालं. सगळ्या गावाचा शब्द घरात शिरला आणि दार लावून बसला.

खोली नं. १४

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' यातला गोत कोणता मग? कुऱ्हाडीला दांडा झाडाचाच, म्हणजे रक्ताचा.

मोडी लिपी शिकतेय

तिथे रक्ताचाच. दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते असं दिसतं.

वाड्यातला पिंपळ

चुलीवर पाणी पडल्यावर गप्प बसलो होतो, पण एक निरीक्षण. किथ-किन, क-क. सगे-सोयरे, स-स. गण-गोत, ग-ग. सगळीकडे पहिलं अक्षर तेच. हे काय गौडबंगाल?

पाणिनीचा पाहुणा

पिंपळराव, आता फक्कड बोललात. किथ टिकला तो यामुळेच. जुन्या इंग्रजी काव्यात यमक शेवटी नसे, ओळीतल्या शब्दांची सुरुवात जुळवत. लँगलंडचं काव्यही त्याच धाटणीचं. एकदा का जिभेला अशी जोडी बसली की अर्थ गेला तरी नाद सोडत नाही.

दुसऱ्या काही जोड्या नादावर नाहीत, दोन भाषांवर उभ्या आहेत. आपलं बाजारहाट : बाजार फारसी, हाट आपला, अर्थ एकच. कागदपत्र, धनदौलत तसेच. १०६६ मध्ये नॉर्मन आल्यावर इंग्रजांच्या कायद्यातही हेच झालं. 'विल अँड टेस्टामेंट' यातला विल घरचा, टेस्टामेंट लॅटिन वळणाचा. ज्याला जो कळेल त्याने तो घ्यावा. जास्वंदताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कपडालत्ता चालेल. लत्ता म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी, आता 'एक लत्ता द्या' म्हटलं तर दुकानदार बघत राहील.

तिखटमीठ

काइंड म्हणजे दयाळू हाही किनचा नातेवाईक का? नावं सारखी वाटतात. की परत कीथ मिलर होतोय माझा?

लेस्टरची सून

या वेळी षटकार. काइंड किनमधूनच. मूळ अर्थ 'आपल्या कुळाला साजेसा', मग 'आपल्या माणसांशी वागावं तसा', मग दयाळू. हॅम्लेट रंगमंचावर पहिलं वाक्य बोलतो ते यावरच : चुलता आता आईशी लग्न करून बाप झालाय, तर 'किनहून थोडं जास्त आणि काइंडहून कमी'. एका अक्षराच्या फरकावर सगळं विष. जर्मनमध्ये किंड म्हणजे मूल, किंडरगार्टन त्यातलं.

पाणिनीचा पाहुणा

राजा या अर्थाचा किंगही बहुतेक याच कुळातला. मग आपला राजा जनक म्हणजे दोन्हीकडून किंग.

आणि किथच्या बाजूचं एक राहिलं : अनकाउथ. आज अर्थ असभ्य, रांगडा. मूळ अर्थ फक्त 'अनोळखी'. अन म्हणजे अ, काउथ म्हणजे ज्ञात. तुकड्याला तुकडा लावला तर 'अज्ञात'. परका दिसला की तो असंस्कृतच, असं त्या शब्दाने परस्पर ठरवून टाकलं.

बांधावरून

आमच्याकडे त्याला 'बाहेरचा' म्हणतात. वीस वर्षं राहिला तरी.

मोडी लिपी शिकतेय

पत्रिकेचं काय ठरलं पण?

जास्वंद

तेच सांगायला आले. मराठी बाजू सासऱ्यांनी बदलली नाही आणि त्यांचं बरोबर होतं. आप्तेष्ट म्हणजे आप्त अधिक इष्ट. आप्त म्हणजे जवळचे, इष्ट म्हणजे आपल्याला हवेसे वाटणारे, स्नेही. संधी झाला आणि इष्ट आत बुडाला, म्हणून आपण सगळ्याचा अर्थ नातेवाईक घेतो. माझ्या डोळ्यांसमोर किथ अँड किन छापलेलं होतं, मराठीत, शेजारच्याच पानावर! वर न्यायशास्त्रात 'आप्तवाक्य' म्हणतात तो आप्त तर नातेवाईकही नव्हे, ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो खरं बोलतो तो. (हे शेवटचं सासऱ्यांकडून, मी फक्त टंकते.)

मी म्हटलं, मग 'आप्तेष्ट व इष्टमित्रांसह' करू या, जास्त भारदस्त. तर म्हणाले, "इष्ट दोनदा आला. पुन्हा तेच."

पाणिनीचा पाहुणा

त्यांना आमच्यातर्फे सदस्यत्व द्या.

खोली नं. १४

पत्रिका गाववाल्यांनाही द्या बरं का.

जास्वंद

देणार! यादी सासऱ्यांनीच केलीय. त्यात त्यांच्या सजातले, म्हणजे तलाठी म्हणून त्यांच्याकडे असलेल्या गावांतले, तीन जुने कोतवाल आहेत आणि एक सख्खा चुलतभाऊ नाही. बांधाचं भांडण आहे, १९८७ पासून.

आज छापखान्यातून प्रूफ आलं. तिथल्या मुलाने किथ ही टायपिंगची चूक समजून सुधारलंय. आता ओळ अशी आहे : 'विथ ऑल युवर विथ अँड किन'. सासरे म्हणतात तसंच राहू दे, कोणी विचारणार नाही.